माळकऱ्याच्या यकृतात चरबी?

आमचा दादा माळकरी. आषाढी वारी चुकवत नाही, चहाखेरीज कसलं व्यसन नाही, अंगानं तर काटकुळाच. असा माणूस मागच्या पावसाळ्यात पोट दुखतं म्हणून सोनोग्राफी करून आला आणि घर एकदम गप्प झालं. रिपोर्टवर लिहिलं होतं, ‘फॅटी लिव्हर, ग्रेड टू’.

लिव्हर बिघडलं म्हणजे दारू, हे समीकरण आपल्याकडे इतकं पक्कं की कुणी बोलून दाखवायचीही गरज पडली नाही. त्यात दादाचा धंदा भाजीचा. आठवड्यातून दोन-तीनदा गाडीबरोबर बेळगावहून गोव्याला जाणं. गोवा म्हटलं की पुढचं लोकच जोडून घेतात. वहिनींनी मला स्वयंपाकघरात गाठलं. हळूच म्हणाल्या, “वन्सं, तुम्हीच विचारा हो त्यांना. माझ्यानं विचारवत नाही.”

मी विचारलं नाही. इतिहास शिकवणारी बाई मी, मागचे कागद शोधायची खोड. शोधू लागले तर हा घोळ जुनाच निघाला. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधील डॉ. युर्गेन लुडविग यांनी १९८० साली २० रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांच्या यकृताचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर थेट दारुड्याचा वाटावा. पण ही मंडळी पिणारी नव्हती! या आजाराला तोवर नावही नव्हतं. लुडविग यांनी नाव दिलं, त्यातही ‘नॉन-अल्कोहोलिक’ म्हणून दारू आलीच. ती काढायला २०२३ साल उजाडलं. आता नावात चयापचयाचा, म्हणजे साखर, चरबी, रक्तदाब यांच्या बिघाडाचा उल्लेख असतो.

पण लुडविग यांचे बहुतेक रुग्ण स्थूल होते. आमचा दादा तर वाळका! याचं उत्तर आपल्याच देशात सापडलं. पश्चिम बंगालच्या खेड्यांत १,९११ लोकांची तपासणी झाली, ती २०१० साली प्रसिद्ध झाली. ८.७ टक्के लोकांच्या यकृतात चरबी होती आणि त्यांतल्या तीनचतुर्थांश जणांचा बॉडी मास इंडेक्स २५ च्या आत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तर स्वतःचंच उदाहरण २००४ च्या ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्यात २१.२! काट्यावरचं वजन आपल्याला असं फसवतं.

औषध? २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेत रेस्मेटिरॉम या पहिल्या गोळीला मान्यता मिळाली. ९६६ रुग्णांच्या चाचणीत वर्षभरानं २६ ते ३० टक्के लोकांच्या यकृताचा दाह गेला. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत सुमारे १० टक्के. क्यूबातल्या डॉक्टरांनी त्याआधी, २०१५ साली, २९३ रुग्णांना वर्षभर पथ्य आणि चालणं यांवर ठेवल्याचे निष्कर्ष मांडले होते. ज्यांचं वजन दहा टक्के उतरलं त्यांतल्या ९० टक्क्यांचा दाह गेला. मात्र तेवढं वजन उतरवणं जमलं किती जणांना? फक्त २९. (हे वाचून मी माझ्या वाटीतला कुंदा खाली ठेवला, तोही दोनच दिवस.)

दादाला यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी करायला सांगितली होती. जखमेसारखे व्रण पडलेत का हे सोनोग्राफीतल्या ग्रेडवरून नीट कळत नाही. व्रण नव्हते. साखर मात्र वाढलेली निघाली. दिवसाचे सात-आठ गोड चहा आणि गाडीत बसून रात्री-अपरात्री खाल्लेलं वडापाव-भजी, दुसरं काय! डॉक्टरांनी त्याला जेमतेम तीन किलो कमी करायला सांगितले. आता तो पहाटे किल्ला तलावाभोवती चालतो.

परवा गेले तेव्हा वहिनी बिनसाखरेचा चहा त्याच्यापुढे ठेवून आत गेल्या. दादानं कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तू विचारलं नाहीस,” तो म्हणाला, “पण त्या महिन्यात मी गोव्याहून आलो की ही दार उघडताना जरा जवळ येऊन उभी राहायची. मला काय कळत नव्हतं होय?”