गुगलला पान कळतं कसं?

डिसेंबर १९९३. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठात जोनाथन फ्लेचर या तरुण संगणक पदवीधराने एक प्रोग्रॅम चालू करून सोडून दिला. नवी वेबसाइट आल्याचं तेव्हा कळायचं ते मोझॅक ब्राउझरच्या नव्या साइट्सच्या यादीतून, आणि ती यादी माणसं हाताने भरत. फ्लेचरचा प्रोग्रॅम पान उघडायचा, त्यातल्या लिंक्स टिपायचा, त्या लिंक्सवरची पानं उघडून पुन्हा तेच करायचा. दहाएक दिवसांनी, २१ डिसेंबरला, तो थांबला. बिघाड काही नव्हता. जायला नवं पानच उरलं नव्हतं. तोवर सुमारे २५,००० पानं नोंदली गेली होती.

या सेवेचं नाव जम्पस्टेशन. मशीनची ताकद बेताची, म्हणून ती पानांची फक्त शीर्षकं आणि मथळे साठवायची. विद्यापीठाला यात पैसे घालण्यासारखं काही दिसलं नाही. १९९४ च्या अखेरीस फ्लेचर नोकरी सोडून गेला आणि जम्पस्टेशन बंद पडलं. गुगल स्थापन व्हायला अजून चार वर्षं होती.

पद्धत मात्र मुळात आजही तीच आहे. गुगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांचा स्टॅनफर्डमधला क्रॉलर, म्हणजे लिंकांमागून फिरणारा असाच प्रोग्रॅम, मार्च १९९६ मध्ये निघाला तो पेजच्या स्वतःच्या होमपेजवरून. तिथून लिंक धरत धरत १९९८ पर्यंत त्यांच्या संग्रहात २ कोटी ४० लाख पानं आली. त्या वर्षीच्या त्यांच्या शोधनिबंधात एक गमतीचा परिच्छेद आहे. क्रॉलर येऊन गेला की साइटचे मालक ईमेल करत, की तुम्ही माझी बरीच पानं पाहिलीत, कशी वाटली? समोर माणूस नाही हे त्यांच्या गावीही नसे. एकदा तर क्रॉलर कुणाच्या तरी ऑनलाइन खेळातच शिरला आणि खेळ चालू असताना मध्येच भलतेसलते संदेश उमटू लागले.

अशा आगंतुकांना आवर घालायची सोय मार्टिन कोस्टर यांनी १९९४ मध्येच सुचवली होती: साइटच्या मुळाशी ‘रोबोट्स’ नावाची एक साधी मजकुराची फाइल ठेवायची आणि कुठे येऊ नये ते तिच्यात लिहायचं. इंटरनेटच्या अधिकृत मानकांत हिला जागा मिळाली २०२२ मध्ये. तोवरची २८ वर्षं सगळा कारभार सभ्यपणावर चालला. अजूनही बव्हंशी तसाच चालतो. त्यातही एक मेख आहे. ही फाइल मानणारा क्रॉलर, म्हणजेच बॉट, पान वाचत नाही, पण दुसऱ्या कुणी त्या पानाची लिंक दिली असेल तर नुसता पत्ता शोधनिकालांत येऊ शकतो.

ज्या पानाची लिंक कुठेच नाही, त्याची वाट कळणार कशी? त्यासाठी २००५ मध्ये गुगलने साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची यादी असलेली फाइल, आणला. पुढच्या वर्षी याहू आणि मायक्रोसॉफ्टनेही तो मान्य केला. एका फाइलमध्ये जास्तीत जास्त ५०,००० पत्ते. २०२१ मध्ये बिंग आणि यांडेक्स यांनी ‘इंडेक्सनाऊ’ सुरू केलं. त्यात पान बदललं की साइटच शोधयंत्राला वर्दी देते.

वर्दी पोचली म्हणजे शोधयंत्राच्या इंडेक्समध्ये, म्हणजे सूचीत, नोंद झाली, असं मात्र नाही. साइट चालवणाऱ्या कुणालाही विचारा. गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये दोन वेगवेगळे शेरे दिसतात: पान सापडलं पण इंडेक्स केलं नाही, आणि पान वाचलं पण इंडेक्स केलं नाही. पहिल्यात बॉट अजून आलेलाच नसतो. दुसऱ्यात तो येऊन, वाचून गेलेला असतो, तरी पान घेतलेलं नसतं. तोच मजकूर दुसऱ्या पत्त्यावर असेल तर सहसा एकच प्रत मूळ मानून ठेवली जाते. बाकी वेळा कारण कळेलच असं नाही. तेव्हा ‘चोवीस तासांत पान इंडेक्स करून देतो’ असं सांगून पैसे मागणाऱ्याला खुशाल वाटेला लावावं.

आता खुद्द इंडेक्स. पुस्तकाच्या शेवटी असलेल्या शब्दसूचीसारखाच तो असतो: शब्द, आणि तो कुठल्या कुठल्या पानांवर आला त्याची यादी. इंग्रजीपुरतं हे बरंच सरळ आहे. मराठीत ‘पाऊस’ शोधणाऱ्याला ‘पावसात’ असलेलं पानही हवं असतं. ‘त’ छाटला तर उरतो ‘पावसा’, तो काही ‘पाऊस’ नव्हे. सामान्यरूपाचं व्याकरण यंत्राला वेगळं शिकवावं लागतं.

टंकलेखनाच्याही दोन तऱ्हा आहेत. हा ‘तऱ्हा’ शब्दच घ्या. कुणी त्यात ‘ऱ’ टाइप करतो, तर कुणी साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण युनिकोड या संगणकी अक्षरमानकाच्या लेखी अक्षरांच्या या दोन निराळ्या माळा आहेत. त्या एकच आहेत हे शोधयंत्राला कुणीतरी सांगून ठेवलं नसेल, तर एक शोधल्यावर दुसरी हाती लागत नाही.

युनिकोडच्या आधीचा प्रश्न याहून मोठा होता. शिवाजी, किरण, श्रीलिपी अशा फॉन्टांत पडद्यावर मराठी दिसायचं, आत साठलेली असायची रोमन अक्षरं आणि चिन्हं. बॉट येत होता, पान वाचतही होता, पण त्याला त्यात मराठी दिसतच नव्हतं. छपाईच्या जगात हे फॉन्ट अजून वापरात आहेत. दिवाळी अंकांच्या पीडीएफ नेटवर असतात. त्यातला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. मराठी उमटलं तर ठीक. रोमन अक्षरांचा चिवडा आला, तर बॉटच्या हातीही तोच पडतो, आणि पानांवर ओसीआर चालवून अक्षरं नव्याने ओळखल्याशिवाय त्या अंकातल्या कथेचं नाव गुगलवर टाकून ती सापडायची नाही.