हार्झच्या डोंगरातला पाण्याचा हिशेब

खाणीचा सगळ्यात चिवट शत्रू म्हणजे पाणी. जर्मनीतल्या हार्झ पर्वतात चांदी, शिसे आणि तांब्याच्या शिरा खोलवर गेल्या होत्या. खोदकाम जितके खाली जाई, तितके पाणी जास्त झिरपे आणि उपशासाठी माणसे-जनावरे पुरी पडत नसत. मग तिथल्या लोकांनी पाण्यालाच पाणी उपसायला लावले. डोंगरावरून आणलेले पाणी चाकावर पडे, चाक पंप चालवी आणि पंप खाण कोरडी ठेवी.

या व्यवस्थेची मुळे तेराव्या शतकात, वाल्केनरीड मठाच्या साधूंपर्यंत जातात. तिचा मोठा पसारा मात्र १५३६ ते १८६६ या काळात उभा राहिला : १४० हून अधिक तलाव, सुमारे ५०० किलोमीटर पाट आणि जवळपास ३० किलोमीटरचे भूमिगत पाणबोगदे.

इतका खटाटोप का? हार्झमध्ये पाऊस भरपूर पडतो. टंचाई होती ती उंचीची. क्लाउस्थालच्या आसपासच्या खाणी पठारावर, तर नद्या खाली दऱ्यांमध्ये. दरीतले पाणी चाकाच्या डोक्यावर कसे पडणार? म्हणून पठारापेक्षा उंच उतारांवरच ते अडवायचे आणि डोंगराच्या कडेकडेने, अगदी अल्प उतार देत, खाणीपर्यंत आणायचे. वाटेत खोलगट भाग आला तेव्हा १७३२ ते १७३४ मध्ये श्पेर्बरहाय येथे सुमारे ९४० मीटर लांब आणि १६ मीटर उंच मातीचा भराव घालून त्याच्या माथ्यावरून पाट नेला.

तलावांचे बांधही मातीचेच. गवताची मुळांसकट काढलेली ढेकळे एकावर एक घट्ट ठोकून पाणी झिरपू न देणारा थर करत. बांधाखालून लाकडी नळ जाई आणि त्याच्या तोंडावरचा दट्ट्या वर ओढला की हवे तेवढे पाणी सुटे. १७१५ ते १७२२ मध्ये बांधलेल्या ओडरटाइख तलावात सुमारे १७ लाख घनमीटर पाणी मावते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जर्मनीत याहून मोठे धरण नव्हते.

चाके बहुधा जमिनीखाली, कोरून काढलेल्या दालनांत असत. वरच्या चाकावरून सुटलेले पाणी खालच्या चाकावर जाई. एकच पाणी अनेकदा राबे. पंपाचे चाक एकाच दिशेने फिरे, पण खनिजाची पिंपे वर-खाली करायला उलटसुलट फिरणारे चाक लागे. त्याच्या परिघावर कप्प्यांच्या दोन ओळी असत, एकमेकींच्या विरुद्ध तोंडाच्या. चालक दांडा ओढून पाणी एका ओळीवर सोडी, तेव्हा पिंप वर येई. दुसरीवर सोडले की चाक उलटे फिरे.

वापरलेले पाणी शेवटी निचऱ्याच्या बोगद्यातून दरीत जाई. हा बोगदा जितका खालच्या पातळीवर, तितका फायदा दुहेरी : चाकांना जास्त उंचीचा धबधबा मिळे आणि पंपांना पाणी कमी उचलावे लागे. १८५१ ते १८६४ मध्ये खोदलेला एर्न्स्ट ऑगस्ट बोगदा याच हिशेबातून आला. तलाव वर चढवत न्यायचे आणि बोगदे खाली उतरवायचे, अशी दोन्ही टोकांनी उंचीची कमाई चाले.

कोरड्या हंगामात तलाव आटले की पंप थांबत आणि खाणी बुडू लागत. यावर तोडगा म्हणून सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तत्त्वज्ञ-गणिती लाइबनिट्सने पवनचक्क्यांचा घाट घातला. त्याची एक कल्पना अशी, की चाकावरून खाली गेलेले पाणी वाऱ्याच्या जोरावर पुन्हा तलावात चढवायचे. आजची उदंचन जलविद्युत केंद्रे याच तत्त्वावर चालतात. प्रत्यक्षात त्याचे प्रयोग वर्षानुवर्षे रखडून फसले आणि खाणवाल्यांनी आणखी तलाव बांधणेच पसंत केले.

शिड्यांवरून तासन्‌तास चढउतार करणाऱ्या कामगारांनाही पुढे या चाकांनी हात दिला. १८३३ मध्ये हार्झमध्ये आळीपाळीने वर-खाली होणाऱ्या दोन दांड्यांचे यंत्र आले. एका दांड्याच्या पायरीवरून दुसऱ्याच्या पायरीवर पाऊल टाकत माणूस वर येई. सांक्ट आंद्रेआसबेर्गच्या सॅमसन खाणीत ते १८३७ मध्ये बसले आणि अजूनही चालू स्थितीत आहे. ती खाण १९१० मध्ये बंद पडली.

२०१० मध्ये युनेस्कोने ही जलव्यवस्था जागतिक वारशात घेतली. पण तिचा काही भाग अजून कामात आहे : सॅमसनच्या शाफ्टमध्ये टर्बाइन बसवून वीज काढली जाते. चांदी संपल्यावरही विकता येण्यासारखी एक गोष्ट खाणीपाशी उरली होती, ती म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या राखलेली पाण्याची उंची.