दरसालची शाकारणी

जुलै महिना लागला की पुण्याच्या वर्तमानपत्रांत रोज एक छोटी चौकट छापून येते. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणं, त्यांच्या पुढे टीएमसीचे आकडे आणि सगळ्यात खाली एकूण साठा. चारही धरणं भरली की ही बेरीज २९.१५ टीएमसी होते. सामान्य पुणेकर ही चौकट वाचतो ती नळाला दोन वेळ पाणी येणार की एक वेळ, हे बघण्यासाठी. आमच्या घरात मात्र त्यातली पानशेतची ओळ आधी वाचली जाते. साठा किती झाला यावरून पाणी आमच्या अंगणाखालच्या जांभळीपाशी आलं असेल की अजून खालच्या खडकांतच असेल, याचा अंदाज बांधला जातो. धरणाची पूर्ण क्षमता १०.६५ टीएमसी. आकडा तिथे पोचला की जांभळीच्या मुळांना पाणी लागलं, असं समजायचं.

पानशेतच्या जलाशयाकाठी आमचं तीन खोल्यांचं एक कौलारू घर आहे. हल्ली अशा घराला फार्महाऊस म्हणायची पद्धत आहे, पण आमच्याकडे ना फार्म आहे ना त्या शब्दातला डौल. पाच गुंठ्यांचा तुकडा, समोर पडवी, मागे विहीर, दोन आंबे, एक फणस आणि कुंपणाला करवंदीच्या जाळ्या. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९८८ साली निवृत्तीनंतर फंडाच्या पैशांतून ते बांधलं. अण्णा भूगोलाचे शिक्षक. त्यांनी ही जागा निवडली तेव्हा आमच्या सगळ्या नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं आणि त्याला कारणही तसंच होतं.

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी आंबी नदीवरचं पानशेतचं नवं मातीचं धरण फुटलं. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून ते वाचवायची शिकस्त केली होती. ते पाणी खडकवासल्याला येऊन आदळलं, तेही धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. नारायण पेठेतलं आमचं दोन खणांचं बिऱ्हाड त्यात गेलं. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो. मला त्यातलं काही आठवत नाही. आठवतं असं वाटतं ते आईनं सांगितलेलं. अण्णांची पुस्तकं, आईची शिवणाची मशीन आणि घरातल्या एकमेव लग्नाचा फोटो हे सगळं गाळात गेलं. पुढे आम्ही पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या गोखलेनगरच्या वसाहतीत राहायला गेलो. धरण पुन्हा बांधलं गेलं, त्याला तानाजीसागर असं नाव मिळालं आणि ज्या पाण्यानं घर नेलं त्याच पाण्याकाठी जाऊन अण्णांनी पुन्हा घर बांधलं. ‘का?’ असं विचारलं की ते म्हणायचे, “पाण्याचा काय दोष? ते उताराकडे जातं.” यापलीकडे त्यांनी कधी काही सांगितलं नाही.

पाण्याकाठी घर असणं ही कल्पना फार रम्य आहे. प्रत्यक्षात ते घर म्हणजे एक म्हातारं माणूस असतं. दर ऋतूत त्याचं काही ना काही दुखतं.

वर्षाची सुरुवात आमच्याकडे पाडव्याला होत नाही, मे महिन्यात होते. मृगाच्या आत घर शाकारून व्हायला हवं. वानरांनी उड्या मारून फोडलेली मंगलोरी कौलं उतरवायची, सगळी कौलं चाळून घ्यायची, कुजलेल्या रिपा बदलायच्या, वाशांना वाळवी लागली आहे का ते टोकून बघायचं, पन्हळीतला पाचोळा काढायचा. पूर्वी हे काम करणारी दोन माणसं शेजारच्या वाडीतच मिळत. आता कौलं चाळणारा माणूस शोधण्यात आठ-आठ दिवस जातात. जो येतो तो आधी छपराकडे आणि मग माझ्याकडे बघून म्हणतो, “साहेब, पत्रा टाका, एकदाच काय ते मिटेल.” पत्र्यावर तिथला पाऊस वाजायला लागला की शेजारी बसलेल्या माणसाचंही बोलणं ऐकू येत नाही, हे तो सांगत नाही.

मग पाऊस येतो. पुण्यात छत्री उघडावी की नाही असा विचार चालू असतो, तेव्हा तिथे समोरचा डोंगर चार-चार दिवस दिसत नाही. वाडीत भाताची लावणी चालू असते, माणसं चिखलात कमरेत वाकलेली असतात, आणि आपण पडवीत चहाचा कप घेऊन बसतो याची थोडी लाजही वाटते. घरातली प्रत्येक वस्तू ओलसर होते. मीठ पाझरतं, काडेपेटी पेटत नाही, गादीला वास येतो, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी धरते. दारं फुगून बसतात, ती खांद्यानं ढकलावी लागतात. विहिरीवरच्या पंपाच्या खोलीत फुरसं निघतं. पण रात्री कौलांवर एका लयीत पडणारा पाऊस आणि पागोळ्यांचा आवाज ऐकत जी झोप लागते, ती मला बँकेच्या छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही लागली नाही.

भाद्रपदात पाणी जांभळीपाशी येऊन थांबतं. सोनकीनं उतार पिवळे होतात, तेरडा फुलतो. घराची खरी मजा त्या वेळी. मुलं, भाचरं, त्यांची मित्रमंडळी, सगळ्यांना त्याच दिवसांत यायचं असतं. दिवाळीनंतर भात झोडून झालं की राखणदार नव्या इंद्रायणीचं पोतं आणून ठेवतात. थंडीत सकाळी पाण्यावरून वाफा निघतात, काठच्या दगडांवर धोबी पक्षी शेपटी खालीवर हलवत फिरत असतात आणि पाणी इतकं निश्चल असतं की पलीकडच्या काठावरच्या बाईची हाक इकडे स्पष्ट ऐकू येते. त्या महिन्यांत आम्ही भिंतींना चुना काढतो, बिजागऱ्यांना तेल घालतो.

होळीनंतर पाणी मागे हटू लागतं. पुण्याची तहान मोठी. पानशेतचं पाणी खडकवासल्यात सोडलं जातं आणि आमचा काठ रोज थोडा खाली सरकतो. मे महिन्यात समोर पाण्याऐवजी भेगाळलेल्या गाळाचं एक मोठं तपकिरी मैदान पसरतं. पाहुणे त्या दिवसांत येत नाहीत. ‘व्ह्यू’ नसतो ना! उरतो आम्ही आणि कौलं.

अण्णा २००४ साली गेले. त्यांच्यामागे घराची सूत्रं माझ्याकडे आली, ती मी बँकवाला म्हणून. अण्णांनी या घराची एक वही ठेवली होती. डावीकडे तारीख, मध्ये काम, उजवीकडे रक्कम. ‘कौले ५० नग.’ ‘पंपाचे वायसर.’ ‘चुना, नीळ.’ तशी वही मीही पुढे चालू ठेवली. पण आयुष्यभर लोकांची खाती तपासलेल्या माणसाच्या नजरेतून एक नोंद सुटत नव्हती. दर मे महिन्यात एकदा अण्णांनी लिहिलेलं असायचं : ‘जोते साफ केले.’ पुढे रकमेच्या जागी नुसती आडवी रेघ. आमच्या घराचं जोतं दगडी आहे, त्याला साफ करण्यासारखं काही नाही. म्हातारपणी अंगणातलं गवत काढत असतील, असं समजून मी ती नोंद माझ्या वहीत पुढे ओढली नाही.

गेल्या वर्षी घर विकायचं ठरत आलं होतं. धाकटा भाऊ न्यू जर्सीला असतो, ताई बंगळूरला मुलीकडे. दोघांनाही आता येणं होत नाही. माझे गुडघे शिडी चढू देत नाहीत. एका दलालानं जो आकडा सांगितला तो ऐकून मी क्षणभर चष्मा पुसला. कागदावर मांडलं तर हे घर म्हणजे शुद्ध बुडीत खातं : उत्पन्न शून्य, खर्च दरसाल वाढता. मी बँकेत असतो तर अशा खात्याची फाईल केव्हाच बंद केली असती. भावाला फोनवर म्हटलं, मेमध्ये शेवटची शाकारणी करून घेतो, म्हणजे भाव बरा येईल.

त्या मे महिन्यात एका सकाळी राखणदारांच्या आई अंगणात आल्या. त्यांना आम्ही सगळे आजी म्हणतो; वय पंच्याऐंशीच्या आसपास. हातात खराटा. म्हणाल्या, “मास्तरांचं पोर हायेस ना तू? चल की खाली. पोराला कामं हायेत, आन मला यकटीला उतार झेपत न्हाई आता.”

कुठे जायचं, हे न विचारता मी निघालो. गाळातून पाऊण तास आम्ही खाली उतरलो. एरवी जिथे तीन पुरुष पाणी असतं तिथे पोचल्यावर आजी थांबल्या. समोर घडीव दगडांचा एक चौकोन होता, अर्धा गाळात रुतलेला. “हितं चूल व्हती,” त्या म्हणाल्या. “त्या अंगाला गोठा. आन ह्या दगडावर मी पयल्यांदा माप वलांडलं.” मग खराट्यानं त्या गाळ लोटू लागल्या. मला उभं राहवेना. मीही हातांनी ढेकळं उचलून बाजूला टाकू लागलो.

“मास्तर यायचे दर सालाला,” त्या कामातून मान वर न करता म्हणाल्या. “ते गेल्यापास्नं आमी दोघं मायलेकरंच येतो.”

वहीतली ती आडवी रेघ मला तिथे समजली.

जोतं मोकळं झाल्यावर त्या उंबऱ्याच्या दगडावर टेकल्या, त्याला हळदकुंकू लावलं आणि मी न विचारताच बोलू लागल्या. धरण होणार म्हणून त्यांची जमीन गेली, बदली जमीन दौंडकडे मिळाली. दीर तिकडे गेले. हे कुटुंब डोंगराच्या वरच्या अंगाला झोपडी बांधून राहिलं. त्या पावसाळ्यात पाणी चढत आलं, मातीच्या भिंती त्यांच्या डोळ्यांदेखत विरघळल्या. आणि मग एका सकाळी धरण फुटलं. “पानी गेलं की रं सगळं! आमी वरनं बघितलं, तर जोतं उघडं. सासरे रडाय लागले. म्हनले, देवानं घर माघारी दिलं. गवताचं छप्पर घातलं आन आलो आमी राह्यला. पाच-सहा सालं पिकं घेतली ह्या गाळात. लई पिकायचं.” जरा थांबून त्या म्हणाल्या, “तुमचं बुडालं त्या दिशी आमचं उघडं पडलं. मास्तरांस्नी मी हे सांगितलं, तवा ते लई येळ गप बसले व्हते.”

पुढे धरण पुन्हा बांधलं गेलं आणि पाणी परत चढलं, ते कायमचं.

मी आयुष्यभर १२ जुलै ही आमची तारीख समजत होतो. पुण्याची तारीख, पूरग्रस्तांची तारीख. त्याच दिवशी धरणाच्या वरच्या अंगाला कुणीतरी आनंदानं रडलं असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. तो आनंद खोटा ठरावा म्हणूनच जणू धरण पुन्हा बांधायचं होतं, आणि ते बांधल्यावाचून पुण्याचं भागणारही नव्हतं. माझ्या नळाला इतकी वर्षं येणारं पाणी आजींच्या चुलीवरून वाहत येतं. यात कुणी चोर नाही आणि कुणी साव नाही, हे खरं. पण हिशोबाच्या वहीत याची एक तरी नोंद असावी की नाही? अण्णांनी ती ठेवली होती. आकडा घालता येईना म्हणून रेघ ओढली होती.

त्या रात्री मी भावाला आणि ताईला फोन केला. सगळं सांगितलं. ताई काही बोलली नाही, पण तिनं फोन बराच वेळ ठेवलाही नाही. भाऊ म्हणाला, “अरे, पण मेमध्ये तिकिटं किती महाग असतात!” आणि मग जरा वेळानं, “साधारण कुठला आठवडा असतो रे तो?”

घर सध्या तरी विकलेलं नाही. ‘सध्या तरी’ असंच म्हणतो, कारण माझे गुडघे दर वर्षी थोडे अधिक कुरकुरतात, आणि पुढच्या पिढीला शिडीवर चढायची हौस आहे असं काही मला दिसत नाही. पत्रा टाकावा लागेलही कदाचित. पण यंदाच्या मे महिन्यात भाऊ आला, ताईची मुलगी आली. दोन दिवस कौलं चाळण्यात गेली. तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे खराटे घेऊन खाली उतरलो. आजींना या खेपेला उतरवेना, म्हणून राखणदारांनी त्यांना पाठीवर घेतलं. कुणी काय करायचं हे त्या तिथे बसून हातवारे करून सांगत होत्या, आणि न्यू जर्सीत संगणकाच्या मोठ्या कंपनीत असलेला माझा भाऊ ‘हां आजी, हां आजी’ करत गाळ उपसत होता.

संध्याकाळी पडवीत बसून वही उघडली. तारीख घातली. ‘कौले ३५ नग’, ‘रिपा ६’, ‘मजुरी’ अशा ओळी लिहिल्या, त्यांच्यापुढे रकमा टाकल्या. शेवटच्या ओळीत लिहिलं, ‘जोते साफ केले’, आणि पुढे आडवी रेघ ओढली.

आता रोज सकाळी वर्तमानपत्र आलं की मी ती चौकट बघतो. पानशेतचा आकडा वाढत असतो. पुण्याच्या दृष्टीनं चांगलीच बातमी असते ती, मलाही बरं वाटतं. फक्त जांभळीपाशी पोचण्याआधी ते पाणी कुठल्या उंबऱ्यावरून चढत येतं, हे आता मला ठाऊक आहे.