सिकलसेल असलेल्या विद्यार्थ्याचा परदेशातला हिवाळा

भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेल हा आजार घराघरांत माहीत आहे. पावसात बांधीत भिजलं किंवा थंडीत पहाटे गाडीवर लांब गेलं की हातपाय दुखायला लागतात, हे रुग्णांना अनुभवाने कळलेलं असतं. आता शहापूरसारख्या गावांतली, इथेच अभियांत्रिकी शिकलेली मुलंमुली पुढच्या शिक्षणासाठी जर्मनी, ब्रिटन, कॅनडाला जातात. त्यांच्यात सिकलसेलचे रुग्णही असतात. व्हिसा आणि कर्जाची चौकशी महिनोन्महिने चालते, पण थंडीची तयारी म्हणजे एक जाड जॅकेट घेतलं की झालं, असं वाटतं. सिकलसेलच्या रुग्णाला तेवढं पुरत नाही.

आधी रिपोर्ट नीट बघा

वाहक (एएस) आणि रुग्ण (एसएस) यांत मोठा फरक आहे. वाहकाला हिवाळ्यात सहसा काही त्रास होत नाही, इतरांसारखंच राहता येतं. खाली लिहिलेलं रुग्णांसाठी आहे. सोल्युबिलिटी टेस्ट फक्त दोष आहे एवढंच सांगते, वाहक की रुग्ण हे सांगत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसचा रिपोर्ट लागतो. तो हाती नसेल तर निघण्यापूर्वी करून घ्या.

थंडीत दुखणं का वाढतं?

या आजारातलं हिमोग्लोबिन प्राणवायू कमी झाला की आपसांत चिकटतं आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. थंडीत हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त हळू वाहतं, पेशी कमी प्राणवायूत जास्त वेळ अडकतात. मग त्या बारीक वाहिन्या बंद करतात आणि हाडांत असह्य कळा येतात. यालाच क्रायसिस म्हणतात.

दुसरं कारण पाण्याचं. या रुग्णांच्या मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवणं नीट जमत नाही, त्यामुळे लघवी जास्त होते. थंडीत तहान मात्र लागत नाही, आणि हीटरची हवा कोरडी असते. वाऱ्याचाही वाटा आहे. लंडनच्या एका रुग्णालयातल्या अभ्यासात जोराच्या वाऱ्याच्या आणि कोरड्या हवेच्या दिवसांत सिकलसेलचे रुग्ण जास्त दाखल होताना दिसले. म्हणून मोबाइलवर नुसतं तापमान बघू नका, वाराही बघा.

आपल्याकडे डिसेंबरात पहाट गार असली तरी दुपारी ऊन असतं. बर्लिनमध्ये जानेवारीत भर दुपारीही पारा ३ अंशांच्या आसपास असतो. अंग शेकायला वेळच मिळत नाही.

रोजचं राहणं

एका जाड जॅकेटपेक्षा तीन पातळ थर बरे. आत ओलावा शोषणारं, मध्ये लोकरी, वर वारा अडवणारं. टोपी, हातमोजे आणि बॅगेत कोरड्या मोज्यांची एक जादा जोडी ठेवावी, कारण बर्फात बूट ओले होतात आणि ओले पाय हा क्रायसिसचा सरळ रस्ता आहे. गरम पाण्याने अंघोळ करून लगेच बाहेर पडू नये. पाणी सोबत ठेवावं, कोमट चालेल.

अर्धवेळ कामाबद्दल मी जरा स्पष्ट बोलतो. सायकलवरून जेवण पोहोचवणं आणि शीतगृहातली हमाली ही दोन कामं एसएस रुग्णाने घेऊ नयेत. कर्जाचा हप्ता डोळ्यांसमोर असतो, म्हणून मुलं नाही म्हणत नाहीत. हे आईबाबांनीच निघण्याआधी सांगावं: दुकानात, ग्रंथालयात काम मिळालं तर कर, नाहीतर राहू दे.

सुटीतली मजा

खोलीत कोंडून राहणं हा उपाय नव्हे. लवकर अंधार पडणाऱ्या देशात एकटेपणाने मन खचतं आणि खचलेलं मन दुखणंही वाढवतं. नाताळचा बाजार बघावा, मित्रांबरोबर बर्फात फिरावं, पण अर्ध्या-पाऊण तासाने कुठेतरी आत जाऊन ऊब घ्यावी. गरम पाण्याच्या तलावात पोहता येतं, बाहेर येताच अंग पुसून कपडे घालायचे. उघड्या तळ्यात उडी किंवा सौनानंतर बर्फाचं पाणी मात्र नाही. उंच डोंगरावरच्या स्कीइंगमध्ये थंडी, दमछाक आणि विरळ हवा एकत्र येतात. तिथे रक्तविकारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय जाऊ नका. दारूने ऊब आल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात अंगातली उष्णता आणि पाणी दोन्ही जातं. सिगारेट, हुक्का पूर्ण बंद. घसरून पाय मुरगळला तर मित्र बर्फ लावायला धावतील. त्यांना थांबवा, आपल्याला शेक लागतो.

दवाखान्यात कधी जायचं?

साधं दुखणं असेल तर विश्रांती, भरपूर पाणी, शेक आणि पॅरासिटामॉल. त्याने भागलं नाही तर थांबू नका. ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, छातीत दुखणं, धाप, एकाएकी हातपाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, जोराची डोकेदुखी यांपैकी काहीही झालं तर तडक रुग्णालय. मुलांसाठी आणखी एक, जे लाजेने लपवलं जातं: लिंगाचा दुखरा ताठरपणा दोन तासांहून जास्त राहिला तर तीही तातडीच आहे. युरोपात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिका-कॅनडात ९११ हे नंबर. भारतीय विद्यार्थ्याला सिकलसेल असेल हे तिथल्या डॉक्टरच्या पटकन ध्यानात येईलच असं नाही, म्हणून पहिल्याच वाक्यात आजाराचं नाव घ्या.

निघण्यापूर्वी

न्यूमोनिया, मेंदुज्वर आणि फ्लूच्या लसी घेतल्यात का ते तपासा. हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर ते थंडीच्या भरवशावर बंद-चालू करू नका. युरोपात तेच औषध हायड्रॉक्सीकार्बामाइड या नावाने मिळतं. त्यासाठी दर दोन-तीन महिन्यांनी रक्ततपासणी लागते, ती कुठे होईल हे पोहोचताच बघा. इंग्रजीत टाइप केलेलं डॉक्टरांचं पत्र, एचपीएलसी रिपोर्ट, नेहमीचं हिमोग्लोबिन किती असतं याची नोंद आणि रक्तगट, सगळं हातातल्या बॅगेत ठेवा. विमा घेताना आजार लपवू नका. साध्या प्रवास विम्यात आधीपासूनचा आजार अनेकदा वगळलेला असतो, म्हणून अटी वाचून घ्या.

घरच्यांसाठी एक गोष्ट. शहापुरात रात्रीचे ९ वाजतात तेव्हा बर्लिनमध्ये हिवाळ्यात दुपारचे साडेचार असतात आणि डिसेंबरात तोवर अंधार झालेला असतो. फोनवर "बरा आहेस ना?" विचारलं तर उत्तर "हो"च येतं. त्याऐवजी या आठवड्यात किती दिवस दुखलं, किती गोळ्या लागल्या, वर्ग किती बुडले, हे विचारा. आणि त्याच्या खोलीतल्या एका तरी मित्राचा नंबर घेऊन ठेवा, ज्याला हा आजार आणि तातडीचा नंबर दोन्ही माहीत आहेत.