विमानांचे अपघात : कारणांचा शोध

ता. १२ जून २०२५ रोजीं अहमदाबादेस विमान कोसळलें व त्यांतील २४२ माणसांपैकीं एकच वांचला, तेव्हां कित्येक दिवस वर्गांत दुसरा विषय नव्हता. 'काळी पेटी सांपडली' असें वृत्त आलें, त्या दिवशीं एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, पेटी असूनही विमान पडलें कसें?" पेटी म्हणजे विमानाचें रक्षण करणारें कांहीं साधन असावें, अशी त्याची समजूत होती. मुलें हंसलीं, तास संपत आल्यामुळें मींही दोन वाक्यांत उत्तर देऊन वेळ मारून नेली. परंतु प्रश्न हंसण्यासारखा नव्हता.

ती पेटी विमानास वांचवीत नाहीं. विमान कां पडलें हें शोधण्यास साह्य करणें एवढेंच तिचें काम. ती काळीही नसते. मोडतोडीच्या ढिगाऱ्यांत चटकन दिसावी म्हणून तिला भडक नारिंगी रंग देतात. आणि ती ज्याच्या बुद्धींतून निघाली तो एका मिशनऱ्याचा मुलगा होता, ही गोष्ट आपल्या शाळेंत फार थोड्यांस ठाऊक असेल.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस ग्रूट आयलंड नांवाचें बेट आहे. तेथील मिशन ठाण्यावर १९२५ सालीं डेव्हिड वॉरन याचा जन्म झाला. त्याचे वडील रेव्हरंड ह्युबर्ट वॉरन यांनीं त्या भागांतील मूळच्या रहिवाशांत अनेक वर्षें सेवा केली होती. ता. १९ ऑक्टोबर १९३४ रोजीं ते टास्मानियाहून मेलबोर्नकडे 'मिस होबार्ट' नांवाच्या विमानानें निघाले. बास सामुद्रधुनीवर तें विमान नाहींसें झालें. आंतील बाराही माणसें गेलीं. पुढें तर्क पुष्कळ झाले, निर्णय झाला नाहीं. डेव्हिड त्या वेळीं नऊ वर्षांचा होता. वडिलांनीं त्यास दिलेली शेवटची भेट म्हणजे एक साधा क्रिस्टल रेडिओ-संच. त्याच्याशीं खेळतां खेळतां मुलास अशा यंत्रांचा छंद लागला.

अशा प्रसंगीं 'देवाची इच्छा' असें म्हणून विषय संपविण्याची आपल्याकडे रीत आहे. शिलोहाचा बुरूज पडून जे अठरा जण मेले, त्यांच्याविषयीं प्रभूनें काय सांगितलें तें लूकाच्या तेराव्या अध्यायांत पाहावें. मेलेल्यांच्या पापांत कारण शोधूं नये, हें त्यावरून स्पष्ट आहे. बुरूज कां पडला हें शोधण्यास मात्र तेथें मनाई केलेली नाहीं.

असा शोध कसा करितात, याचें एक उदाहरण घेऊं. ता. २ मे १९५२ रोजीं इंग्लंडांतील डी हॅविलंड कंपनीचें 'कॉमेट' विमान लंडनहून जोहान्सबर्गकडे प्रवासी घेऊन निघालें. जेट विमानांतून नियमित प्रवासी वाहतूक जगांत सुरू झाली ती त्या दिवशीं. पुढें बरोबर एका वर्षानें, ता. २ मे १९५३ रोजीं, कलकत्त्याहून दिल्लीस निघालेलें एक कॉमेट थोड्याच मिनिटांत वादळांत मोडून पडलें. ४३ माणसें मेलीं. ता. १० जानेवारी १९५४ रोजीं रोमहून लंडनकडे निघालेलें दुसरें कॉमेट एल्बा बेटाजवळ समुद्रांत पडलें, ३५ मेलीं. वैमानिक दुसऱ्या एका विमानाशीं रेडिओवर बोलत होता. त्याचें वाक्य अर्ध्यावरच तुटलें.

उड्डाणें थांबलीं. तज्ज्ञांनीं विचार केला; आग लागली असावी, अमुक भाग तुटला असावा, अशा ज्या ज्या शंका आल्या त्या सर्वांवर दुरुस्त्या झाल्या. खरें कारण सांपडलें नव्हतेंच. तरी २३ मार्चास उड्डाणें पुन्हां सुरू केलीं, आणि सोळा दिवसांनीं, ८ एप्रिलला, रोमहून कैरोस जाणारें तिसरें कॉमेट नेपल्सच्या बाजूस समुद्रांत गेलें. त्यांत २१ माणसें होतीं. माझ्या मतें साऱ्या प्रकरणांतील मोठी चूक हीच. पहिल्या अपघातांत जें कळलें नाहीं त्याचा दोष कोणास देतां येईल? पण आपणांस कारण कळलेलें नाहीं हें ठाऊक असतां ह्या एकवीस जणांस विमानांत बसविलें गेलें.

आतां फार्नबरो येथील सरकारी विमान-संशोधनशाळेनें आर्नोल्ड हॉल यांच्या देखरेखीखालीं काम हातीं घेतलें. इकडे ब्रिटिश आरमार एल्बाजवळ पाण्याखालीं दूरदर्शनचा कॅमेरा सोडून एकेक तुकडा वर काढीत होतें. तिकडे हॉल यांच्या मंडळीनें एक अख्खें कॉमेट मोठ्या हौदांत ठेविलें. हें कशासाठीं, तें समजून घ्यावें.

पस्तीस-चाळीस हजार फुटांवर हवा इतकी विरळ असते कीं मनुष्य तींत जगणार नाहीं. म्हणून विमानाच्या आंत दाट हवा भरून ठेवावी लागते, आणि ती कॉमेटच्या धडास आंतून दर चौरस इंचास सुमारें सव्वाआठ पौंड एवढ्या जोरानें बाहेर ढकलीत असे. वर जातांना धड किंचित् फुगे, खालीं येतांना ओसरे. एका वेळीं कांहीं बिघडत नाहीं. पण एखादी तार घेऊन ती एकाच जागीं वांकवीत व सरळ करीत राहा. दहावीस वेळां ती निमूटपणें सोसते आणि मग अकस्मात् तुटते. धातूसही शीण येतो, तो असा.

हौदांत विमानाच्या धडांत पाणी भरून तोच दाब पुनःपुन्हां दिला, आणि पंख बाहेर ठेवून यंत्रानें हालविले. हवेऐवजीं पाणी घेण्यांत शहाणपण होतें. दाबलेली हवा धड बाँबसारखें फोडून पुरावाच नष्ट करिती. पाणी दाबलें जात नसल्यामुळें चीर पडतांच दाब उतरतो व चीर जागच्या जागीं पाहतां येते. त्या विमानानें पूर्वीं १,२२१ उड्डाणें केलीं होतीं. हौदांत आणखी १,८३६ उड्डाणांइतका ताण सोसून, जून १९५४ मध्यें, त्याचें धड फाटलें. चौकोनी वळणाच्या एका उघाड्याच्या कोपऱ्यापासून चीर निघाली होती. एल्बाच्या विमानानें १,२९० उड्डाणें केलीं होतीं, नेपल्सच्या विमानानें ९००. पुढें ऑगस्टांत एल्बाजवळ छताचा तुकडा जाळ्यांत आला. त्यावरही तशाच खिडकीच्या कोपऱ्यापाशीं, भोंकाच्या कडेला, शिणाच्या खुणा होत्या.

मग कारखान्यांत परीक्षा घेतली नव्हती काय? घेतली होती, आणि तोच भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. परीक्षेच्या धडानें सोळा हजारांहून अधिक वेळां दाब सोसला होता. पण त्याच धडास आधीं, त्याचें बळ पाहण्यासाठीं, नेहमींच्या दुपटीपर्यंत दाब दिलेला होता. त्या जबर ताणानें कोपऱ्यांतील धातू आंतल्या आंत दबून उलट चिवट झाला. प्रवाशांच्या विमानांस तसा ताण कधीं मिळालाच नव्हता. परीक्षेस बसला तो शिकवून तयार केलेला विद्यार्थी. उत्तीर्ण म्हणून पुढें पाठविलीं तीं मात्र दुसरींच.

कॉमेटच्या अपघातांचा विचार करण्यास मेलबोर्नलाही एक मंडळ बसलें होतें, आणि त्यांत सरकारी संशोधनशाळेंतील रसायनज्ञ डेव्हिड वॉरन हे होते. चर्चा ऐकतां ऐकतां त्यांच्या मनांत आलें कीं, वैमानिकांचें शेवटचें बोलणें कोठें तरी उमटून राहिलें असतें, तर इतका तर्क करावा लागता ना. त्यांनीं पोलादी तारेवर चार तासांचें बोलणें व यंत्रांवरील आंकडे टिपणारी पेटी तयार केली. स्वदेशांतील अधिकाऱ्यांस तिचें महत्त्व वाटलें नाहीं. आपल्यावर हेर बसविला जातो, असें वैमानिकांस वाटलें. १९५८ सालीं इंग्लंडांतून आलेल्या एका पाहुण्यानें ती पाहिली, तेव्हां कोठें तिला आश्रय मिळाला. ऑस्ट्रेलियांत तिची गरज पटण्यास १९६० सालचा क्वीन्सलंडांतील मकाय येथील अपघात व्हावा लागला. त्यांत २९ माणसें समुद्रांत गेलीं आणि चौकशीअंतीं निश्चित कारण ठरलें नाहीं. मग चौकशीच्या न्यायाधीशांनीं अशा पेट्या बसविण्याची शिफारस केली, आणि वैमानिकांचें बोलणें टिपणारी पेटी सक्तीची करणारा ऑस्ट्रेलिया हा पहिला देश ठरला. वॉरन २०१० सालीं वारले. त्यांच्या वडिलांचें विमान कां पडलें, तें त्यांस अखेरपर्यंत निश्चित कळलें नाहीं.