बाथरूमची दांडी कुणी तपासायची?

सत्तरी ओलांडलेल्यांना पाच लाखांपर्यंत उपचार देणाऱ्या आयुष्मान वय वंदना कार्डाची घरोघरी चर्चा आहे. आजी बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, तर शस्त्रक्रियेचा खर्च त्यातून निघेल. त्या घसरूच नयेत म्हणून घरी येऊन बाथरूम पाहणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी मात्र त्यात तरतूद नाही. २७ ऑक्टोबरच्या जागतिक ऑक्युपेशनल थेरपी दिनी बोलायचं ते याबद्दलच.

राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना पासष्टीपुढच्या गरजूंना साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपये देते. पैसे हवेतच. पण काठी किती उंच हवी, कमोडची खुर्ची मोरीच्या दारातून आत जाते का, हे दुकानदार सांगत नाही. कितीतरी वृद्ध टॉवेलच्या दांडीला धरून उठतात. ती माणसाचा भार पेलायला बसवलेलीच नसते.

अमेरिकेत बाल्टिमोरला घरोघरी जाऊन रुग्ण तपासणाऱ्या सारा झॅन्टन या नर्सला घरातल्या अशाच अडचणी जाणवल्या. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी उभारलेल्या ‘केपेबल’ उपक्रमात ऑक्युपेशनल थेरपिस्ट सुमारे सहा वेळा घरी येतो, नर्स चार वेळा आणि दुरुस्तीला एक कारागीर. मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती सुरुवात: तुम्हाला स्वतःला काय करता यायला हवंय, हे आधी विचारतात. कुणाला कुणाच्या मदतीशिवाय आंघोळ करायची असते, कुणाला चर्चला जायचं असतं. मग त्या कामात नेमकं कुठे अडतं ते थेरपिस्ट आणि वृद्ध मिळून शोधतात, आणि कारागिराने कठडा कुठे ठोकायचा हे त्यावरून ठरतं. कमी उत्पन्नाच्या ३०० वृद्धांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. पाच महिन्यांनंतर रोजच्या कामांतली त्यांची अडचण तुलनेच्या गटापेक्षा ३० टक्क्यांनी कमी होती.

हे शास्त्र आपल्याला परकं नाही. जन्माने अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी भारतातलं ऑक्युपेशनल थेरपीचं पहिलं विद्यालय १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयातच सुरू केलं. आज नायर, सायन आणि नागपूरच्या शासकीय महाविद्यालयातही हे शिक्षण मिळतं. माणसं तयार होतात, पण त्यांना म्हाताऱ्यांच्या घरी पाठवायची सोय वय वंदना कार्डात नाही. खुबा मोडून घरी परतणाऱ्या प्रत्येक कार्डधारकाच्या डिस्चार्जच्या कागदावर थेरपिस्टची एक गृहभेट लिहावी आणि तिचे पैसे योजनेतूनच द्यावेत. रुग्णालयाच्या बिलापुढे ती रक्कम किरकोळ असेल.