कंद एकसारखे, जाती निराळ्या

युरोपातील बागांत हिवाळा सरत असताना, बर्फ पुरता वितळण्यापूर्वीच, मान खाली घातलेले एक लहानसे पांढरे फूल उमलते. त्याला स्नोड्रॉप म्हणतात. वनस्पतिशास्त्रात त्याच्या वंशाचे नाव गॅलँथस असून त्यात सुमारे वीस जाती आहेत. नव्या वर्गीकरणानुसार हे फूल आणि आपला कांदा एकाच कुलातील होत. त्याचा कंदही तसाच पापुद्र्यांचा, पण पुष्कळ लहान असतो.

या कंदांचा व्यापार मोठा आहे. १९८० नंतरच्या दशकात तुर्कस्तानातील डोंगरउतारांवरून दर वर्षी कोट्यवधी रानटी कंद उपटले जाऊन मुख्यतः नेदरलँड्समधील व्यापाऱ्यांकडे जात. म्हणूनच १९९० मध्ये हा संपूर्ण वंश साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालण्यात आला आणि परवान्यावाचून निर्यातीस बंदी झाली. भारतही १९७६ पासून या कराराचा सदस्य असून, २०२२ च्या दुरुस्तीने करारातील तरतुदी आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आल्या आहेत.

परवान्यावर जातीचे नाव असते. पोत्यात मात्र नुसते कंद असतात. स्नोड्रॉपची जात ओळखावयाची ती कोवळ्या पानांच्या घडीवरून आणि आतल्या पाकळ्यांवरील हिरव्या ठिपक्यांवरून. सुप्तावस्थेतील कंदाला यांपैकी काहीच नसते. कंद लावून फुलाची वाट पाहावी, तर माल गोदीत तितके दिवस थांबणार नाही. याचा परिणाम काय होतो, ते एका उदाहरणावरून दिसेल. कॉकेशस भागातील वोरोनोवी या जातीचे कंद अनेक वर्षे इकारिए या नावाने विकले जात होते. इकारिए ही जात ग्रीसच्या काही बेटांपुरतीच मर्यादित आहे. नावातील अशा घोटाळ्यामुळे कोणत्या डोंगरावरील साठा किती घटला, याचा हिशेबच चुकतो.

येथे डीएनए या आनुवंशिक द्रव्याचा उपयोग होतो. कंदाच्या पापुद्र्याचा लहानसा तुकडा घेऊन त्यातील डीएनए वेगळा काढतात, त्याचा ठराविक भाग प्रयोगशाळेत अनेक पटींनी वाढवितात व त्यातील घटकांचा क्रम वाचून तो खात्रीच्या नमुन्यांशी ताडून पाहतात. कॅनडातील पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये प्राण्यांसाठी ही पद्धत सुचविली. प्राण्यांसाठी निवडलेला भाग वनस्पतींत फारच सावकाश बदलतो; म्हणून २००९ मध्ये वनस्पतींसाठी हरितद्रव्य-कणांतील दोन भाग ठरविण्यात आले. जवळच्या जातींत हे दोन भागही पुष्कळदा सारखेच निघतात आणि अधिक भाग वाचावे लागतात. शिवाय ताडून पाहावयाचा नमुनाच चुकीच्या नावाने नोंदलेला असेल तर यंत्र तरी काय करणार? पानेफुले पाहून जात सांगणाऱ्या जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञाची गरज यामुळे संपलेली नाही.

आणखी एक मर्यादा याहून महत्त्वाची आहे. कंद रानातून उपटलेला आहे की शेतात वाढविलेला, हे या चाचणीने कळत नाही, कारण जात एकच असेल तर जातीची ही खूणही एकच. जॉर्जियातून निर्यात होणाऱ्या वोरोनोवी कंदांचा वार्षिक कोटा दीड कोटींच्या घरात राहिलेला आहे. हे कंद डोंगरावरचे किती आणि शेतातले किती, हे ठरविण्यासाठी अधिकाऱ्यांना त्या गावी जाऊन शेते पाहावी लागतात, खोदणाऱ्यांशी बोलावे लागते आणि खरेदीच्या नोंदी तपासाव्या लागतात.